उलटा घातलेला पिवळा टी-शर्ट

ती घटना आठवली की आजही माझी मान खाली जाते. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, सख्ख्या भावांनी एकमेकांची डोकी फोडलेली पाहिली. ते सगळं मी लोकांना चवीने सांगतो. हे प्रकरण मात्र घरातही फारसं कुणाला सांगितलेलं नाही. यात ना कुठलं कलम लागलं, ना कुणाला अटक झाली. कागदोपत्री बघाल तर हरवलेला माणूस सापडला, एवढंच.

तेव्हा मी पुणे शहरातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रमुख होतो आणि निवृत्ती जवळ आली होती. रविवारची संध्याकाळ होती. रविवारी आमच्याकडे येणाऱ्या तक्रारी ठरलेल्या असतात: हरवलेले मोबाईल, पार्किंगवरून हमरीतुमरी, वरच्या मजल्यावरचा नाच. त्या गर्दीतून कोथरूडचं एक कुटुंब आत आलं. दोन भाऊ, थोरल्याची बायको आणि भावांची बहीण. बहीण वाघोलीला राहायची. बोलत होती ती एकटीच.

"साहेब, आमचे बाबा संध्याकाळी फिरायला गेले ते अजून आले नाहीत. अठ्ठ्याहत्तर वय आहे. इन्सुलिनवर आहेत. डोस चुकला तर काय होईल सांगता येत नाही."

थोरला भाऊ बँकेत मोठ्या हुद्द्यावर होता. धाकटा संगणक कंपनीत होता. दोघंही जमिनीकडे बघत होते. वडील राहायचे थोरल्याकडे. अंगावर काय कपडे होते, असं मी विचारलं तेव्हा थोरली सून पटकन म्हणाली, "पांढरा सदरा आणि पायजमा. रोजचाच."

ठाणे अंमलदाराने मिसिंगची नोंद घेतली. वर्णन वायरलेसवर गेलं, दवाखान्यांत फोन झाले, दोन बीट मार्शल बागा आणि देवळं बघायला निघाले. त्याच संध्याकाळी ग्रामीण पोलिसांकडून नियंत्रण कक्षामार्फत एक संदेश आला होता. धरणाच्या मागच्या बाजूला एका वस्तीवर एक वृद्ध इसम आढळला आहे, पिवळा टी-शर्ट उलटा घातलेला, नाव सांगत नाही, नातेवाईक कोणीच नाहीत म्हणतो, मनोरुग्ण असावा. तो संदेश मीही ऐकला. आमचा माणूस पांढऱ्या सदऱ्यातला आणि कोथरूडमध्ये पायी फिरायला गेलेला. जुळत काहीच नव्हतं, म्हणून आम्ही पुढे गेलो.

रात्र तशीच गेली. बहीण ठाण्यातल्या बाकावरून उठायला तयार नव्हती. घरी जा म्हटलं तर म्हणाली, "कुणाच्या घरी जाऊ? बाबा नाहीत तिथं माझं काय काम?" थोरला हे ऐकत उभा होता. त्याने तोंड फिरवलं.

सकाळी आमचा हवालदार त्यांच्या सोसायटीत कॅमेरे बघायला गेला. कॅमेऱ्याचं चित्रण मिळायला वेळ लागणार होता, सोसायटीचे सेक्रेटरी आंघोळीला गेले होते. पुण्यात सेक्रेटरींची आंघोळ झाल्याशिवाय काही हलत नाही. तेवढ्यात वॉचमनने हवालदाराला बाजूला घेतलं. तो विदर्भाकडचा, नवीनच लागलेला. म्हणाला, "साहेब, माझं नाव येऊ देऊ नका. आजोबा काल सकाळी सगळ्यांसोबत गाडीत गेले. सगळ्यांनी पिवळे टी-शर्ट घातले होते, पिकनिकसारखे. दुपारी लोक वापस आले, आजोबा आले नाहीत. संध्याकाळी मी गेटवरच होतो. कोणी फिरायला गेलंच नाही."

हवालदाराने फोनवर हे सांगितलं आणि माझ्या डोक्यात कालचा तो संदेश वाजला. पण नुसत्या टी-शर्टवरून धावत सुटायचं नसतं. मी त्या वस्तीच्या पोलीस पाटलाला फोन लावायला सांगितला, आणि दोघा भावांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं.

चौकशीला फार वेळ लागला नाही. सराईत माणूस असता तर लागला असता. सराईताने गोष्ट घोटलेली असते. सभ्य माणसाला खोटं बोलायची सवय नसते, त्याचं खोटं पहिल्याच साध्या प्रश्नावर पडतं. मी दोघांनाही एकच विचारलं, "येताना बाबा कोणत्या गाडीत होते?"

थोरला म्हणाला, "धाकट्याच्या."

धाकटा म्हणाला, "दादाच्या."

मग धाकटा ढसाढसा रडायला लागला. "सर, अ‍ॅक्च्युअली कुणाचीच चूक नाहीये, मिसअंडरस्टँडिंग झालं."

झालं होतं ते असं. धरणाच्या पाण्याकडेने जंगलातून जाणारी एक सोपी पायवाट आहे. लहान पोरांनाही जमते, म्हणून हल्ली शहरातली कुटुंबं रविवारी तिकडे जातात. थोरल्या सुनेनं हौसेने सगळ्यांना पिवळे टी-शर्ट करून घेतले होते, पाठीवर ठसठशीत आडनाव छापलेले. अर्ध्या वाटेवर बाबांचे गुडघे दुखायला लागले. त्यांना जांभळाखाली एका दगडावर बसवलं आणि "आम्ही वळसा घालून येतोच" म्हणून सगळे पुढे गेले. पाण्यात दगड मारून झाले, फोटो काढून झाले. थोरल्याच्या मुलीचा क्लास होता, म्हणून तो दुसऱ्या वाटेने आधी उतरला. बाबांना धाकटा घेईल, असं त्याने गृहीत धरलं. धाकटा त्या दगडापाशी आला तर दगड रिकामा. दादाने नेलं असणार, असं म्हणून तोही निघाला. बाबा तेव्हा झाडीत आडोशाला गेले होते. मधुमेहाच्या माणसाला जावं लागतं. त्यांचा फोन गाडीतल्या पिशवीत राहिला होता.

जेवणं झाल्यावर थोरल्याने भावाला फोन केला, "बाबांना आज तिकडेच ठेवतोस का?" तेव्हा दोघांना कळलं. दोघं धावले, शोधलं, हाका मारल्या. वनखात्याचा रखवालदार फाटक लावायला आला तसे परत फिरले. एव्हाना बहिणीचा घरी फोन आला होता आणि घाबरलेल्या सुनेच्या तोंडून निघून गेलं होतं, "बाबा फिरायला गेलेत." पाठोपाठ बहीण स्वतःच दारात हजर.

"तिला खरं का नाही सांगितलं?" मी विचारलं.

थोरला म्हणाला, "ताई मागेच म्हणाली होती, बाबांना माझ्याकडे पाठवा, तुमच्याच्याने होत नाही. मी तिला वाटेल ते बोललो. दोन मुलगे असताना बाप लेकीकडे का राहील, असं म्हणालो. आणि आता तिला काय सांगू? बाबांना जंगलात विसरून आलो?"

"आणि आम्हाला?"

"ती समोरच उभी होती ना साहेब. शब्द फिरवता येईना."

संताप असा आला की काय सांगू! अहो, बाप रानात पडलाय, त्याचं इन्सुलिन चुकलंय, आणि ह्यांना बहिणीसमोर तोंड राखायची चिंता! मी काही बोलणार, एवढ्यात पोलीस पाटलाचा फोन आला. आजोबा शुद्धीवर होते.

औषध घेऊन आम्ही जीपने निघालो. बहिणीला बरोबर घेतलं. सहलीचं तिला सांगितलं, विसरल्याचं नाही सांगितलं. ते सांगणं भावांचं काम होतं. मागच्या गाडीत भाऊ आणि सून होते. वस्तीवर पिठलं-भाकरी विकणारी एक बाई राहायची, तिच्या पडवीत आजोबा भिंतीला टेकून बसले होते. चेहरा उतरलेला, ओठ कोरडे पडलेले. पिवळा टी-शर्ट खरोखरच उलटा होता, शिवणी बाहेर.

बाई मला बाजूला घेऊन म्हणाली, "सायेब, काल सांजच्याला वाट चुकून हिकडं आलं. म्या लई इचारलं, तुमी कुणाचं? तर म्हणत्यात, मला कुणीच न्हाई. फोन लावून देते म्हनलं, तर नंबर ठाव न्हाई म्हणले. पर डोकं जाग्यावर हाय त्यांचं. रातभर जागं व्हते."

लेकीने सुई दिली, पाणी पाजलं. मी शेजारी टेकलो आणि हळूच विचारलं, "काका, टी-शर्ट उलटा का घातला?"

त्यांनी आवाज अगदी खाली आणला. "पाठीवर आडनाव आहे. कुणी वाचलं असतं, तर पोरांचं नाव गेलं असतं. आपलेच दात, आपलेच ओठ, साहेब."

आमच्या कागदावर हा माणूस मनोरुग्ण होता.

डॉक्टरांनी तपासून काळजीचं कारण नाही म्हटल्यावर दुपारी सगळे ठाण्यात आले. माणूस सापडला की त्याचा जबाब घेऊन मिसिंग बंद करायची असते. मी स्वतः लिहायला बसलो. आजोबा ताठ बसून सांगू लागले, "लिहा. मीच पोरांना म्हणालो, तुम्ही व्हा पुढे, मी एसटीने येतो सावकाश. मग वाट चुकलो. चूक माझी आहे."

मी मुलांकडे बघितलं. वेगवेगळ्या खोल्यांत दोघांनी मला काय सांगितलं होतं, ते आम्हा तिघांनाही माहीत होतं. थोरला भिंतीवरचा नकाशा बघत होता. धाकट्याने बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. बापाने दिलेलं पांघरूण दोघांनीही ओढून घेतलं. मी पेन खाली ठेवलं आणि थांबलो. समोरची शांतता माणसाला सोसत नाही, हे आम्हा पोलिसांना पक्कं ठाऊक असतं.

बोलली ती थोरली सून. जिच्या तोंडून पहिलं खोटं निघालं होतं, तीच. नणंदेकडे बघून म्हणाली, "ताई, बाबा खोटं सांगतायत. त्यांनी कुणाला पुढे पाठवलं नाही. आम्ही त्यांना विसरलो. घरी येऊन जेवलो, तरी कुणाच्या लक्षात आलं नाही."

बहीण भावांना काहीतरी बोलेल, असं मला वाटलं होतं. ती उठून वडिलांच्या शेजारी जाऊन बसली.

आजोबा सुनेवर चिडले. "कशाला बोललीस गं? तुला कुणी विचारलं होतं?" मग त्यांचा आवाज फुटला. "रात्रभर मी मनाला हेच सांगत होतो, की मीच पाठवलं पोरांना. पहाटेपर्यंत मला ते खरंच वाटायला लागलं होतं." आणि परक्या पडवीत एकट्याने रात्र काढताना न रडलेला तो माणूस माझ्या टेबलासमोर तोंडावर हात घेऊन रडला.

थोरला पुढे येऊन पायाशी बसला. त्याच्या डोक्यावर हात ठेवायला आजोबांना जरा वेळ लागला, पण त्यांनी ठेवला. नंतर ते लेकीबरोबर वाघोलीला गेले. पुढे काय झालं, मला ठाऊक नाही. मी चौकशीही केली नाही.

या प्रकरणाने मला एक शिकवलं. गुन्हेगार शिक्षेला भिऊन खोटं बोलतो, आणि त्याचं खोटं उघडं पाडताना पोलिसाला काही वाटत नाही. शरमेपोटी खोटं बोलणारे मात्र कुठल्याही चांगल्या घरात भेटतात, आणि त्यात सगळ्यात निष्पाप माणूसच सगळ्यात जास्त खोटं बोलतो. जबाब खरा लिहिला गेला, त्याखाली आजोबांनी सही केली. सही करण्याआधी त्यांनी मला विचारलं, "साहेब, मी आधी सांगितलं तेच राहू दिलं असतं, तर चाललं नसतं का?" कायद्याने त्याचं उत्तर सोपं होतं: खोटा जबाब चालत नाही. ते देताना मला त्यांच्याकडे बघवलं नाही.