शालनचं कांडप
नव्वदच्या दशकात उन्हाळ्यात सारसोळ्याच्या गल्लीत शिरलं की आधी ठसका लागायचा, मग शालनचं मिरची कांडप दिसायचं. आता मसाला पाकिटातून येतो आणि कुणी शिंकतसुद्धा नाही. काय दिवस होते ते!

शालन साताऱ्याकडची. नवरा ज्योतिबा तुर्भ्याच्या मार्केटात पोती वाहायचा. त्याची कंबर धरली तेव्हा दोघांनी भाड्याच्या गाळ्यात मशीन टाकलं. सासू मिरच्यांची देठं खुडायची, ज्योतिबा मशीन बघायचा, गिऱ्हाईक शालन सांभाळायची. कांडप चाललं तर इथं राहायचं, नाहीतर गाशा गुंडाळून गावाला, असं घरात ठरलेलं. शालनला गावाला जायचं नव्हतं. तिथं ती कुणाची तरी सून होती, इथं लोक तिला तिच्या नावानं हाक मारायचे.

पहिलं मोठं गिऱ्हाईक म्हणजे गिरजाबाई, सारसोळ्याच्या कोळणींच्या महिला मंडळाची अध्यक्ष. तिनं नाक मुरडलं की सगळी गल्ली नाक मुरडायची. वर्षाच्या मिरच्या, धणे, हळद, गरम मसाला असं सगळं भाजून तिनं आणलं, मसाला करून ठेव म्हणाली आणि मासळी विकायला गेली. शालननं पिशव्या उघडल्या. कांदा नाही, लसूण नाही, खोबरं नाही. विसरली बिचारी, असं तिला वाटलं. साताऱ्याकडं कांदा-लसणाशिवाय मसाला कुणी ऐकलाय? मग आमच्या शालनबाईंनी घरचा कांदा, लसूण, खोबरं तळून सढळ हातानं घातलं. आता काय म्हणावं या भोळेपणाला!

संध्याकाळी गिरजाबाईनं डबा उघडून वास घेतला आणि तिचा चेहराच उतरला.

"पोरी, यो म्हावऱ्याला कसा चालंल? माजं वरीस वाया घालवलंस."

मासळीच्या कालवणाच्या मसाल्यात कोळणी कांदा-लसूण घालत नाहीत, हे शालनला कुठं ठाऊक! आता खाडीत ओतते सगळा, असं पुटपुटत ती डबे उचलून गेली. दुसऱ्या दिवशी शालन नव्या मिरच्या घेऊन तिच्या दारात गेली, परत करून देते म्हणाली. गिरजाबाईनं तिला आत बोलावलं नाही.

मग कांडपाकडं कुणी फिरकेना. सासू रिकाम्या टोपलीकडं बघत बसायची. ज्योतिबानं गावाला निरोप धाडला, घर झाडून ठेवा. आपल्याच हातानं आपण आपलं घर उठवलं, हे शालनच्या मनातून जाईना.

गाळा सोडायची तयारी चालली असताना गिरजाबाई दारात आली, मागं मंडळाच्या बायका. भांडायलाच आल्या असणार, म्हणून शालन पदर खोचून उभी राहिली. गिरजाबाईनं एक पिशवी पुढं केली. हा आमचा म्हावऱ्याचा, यात पदरचं काही घालायचं नाही, असं बजावलं. मग दुसरी पिशवी ठेवून ती जरा इकडंतिकडं बघत राहिली.

"आनि ह्यो चुकलेला कर."

शालनला काही कळेना. तेव्हा मागची एक बाई सांगू लागली की, टाकवेना म्हणून गिरजाबाईनं तो मसाला घराघरात वाटला, सगळ्यांनी कोंबडीत घातला, आणि आता पोरं दुसऱ्या मसाल्याची कोंबडी खाईनात. गिरजाबाई तिच्यावर डाफरली, मग शालनकडं वळली.

"कांदा-लसून मी नाय आनला. तुज्या घरचाच घाल."

शालन मशीनकडं वळली आणि डोळ्यांना पदर लावून हमसाहमशी रडू लागली. ठसका लागला म्हणावं, तर मशीन अजून सुरूच झालं नव्हतं.