पौर्णिमेचा पहिला मांडा

आज पौर्णिमा. सकाळी चहा पिताना एक रील दिसली. "कन्या राशीवाल्यांनो, आज घट्ट धरून ठेवलेलं सोडा, म्हणजे तुमची वाढ होईल." माझी रास कन्या. पण माझ्याकडे सोडण्यासारखं आहे काय? वजन!

दुपारी शिरपूरहून नणंदेचे सासू-सासरे जेवायला येणार होते. म्हणजे अमळनेरच्या आमच्या घरात पुरणाचे मांडे हवेतच. नेमकं आमच्या सासूबाईंचं, अक्कांचं, मनगट दुखत होतं. इतक्या वर्षांत त्यांनी मला खापराजवळ फिरकू दिलं नव्हतं. आज म्हणाल्या, "बैस वं, तू कर."

मैत्रिणींनो, आमच्याकडे मांडा दोन्ही हातांवर खेळवत मोठा करतात आणि तापलेल्या उलट्या खापरावर अलगद टाकतात. माझा पार कोपरापर्यंत आला, पण टाकायचा धीर होईना.

"सोड ना आता, फाटी जाई!" अक्का ओरडल्या.

सोडला. तो अर्धा दुमडून पडला.

"पोर्णिमाले अष्टमी काढी वं तू!" अक्का डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. पण मला उठवलं नाही. पुढचाही मलाच करायला लावला. शेवटचे दोन-तीन तर छान गोल झाले. पाहुण्यांनी अष्टमीसुद्धा आवडीने खाल्ली!

आता भांडी आवरताना ती रील पुन्हा आठवली. मी सोडला तो नुसता मांडा. खापर तर अक्कांनी सोडलं. आणि रास त्यांचीही कन्याच आहे.

तुमच्या घरात अशी हसत हसत आपली जागा कुणी दिली तुम्हाला?