डोळा आला

मी कोल्हारच्या हायस्कुलात मराठी शिकवत होतो. वाक्प्रचार आणि त्यांचे अर्थ हा माझा हातखंडा विषय, असं मीच सगळ्यांना सांगत असे. एकाहत्तर-बाहत्तरचा सुमार असेल. तेव्हा मोतीबिंदूची शिबिरं शाळांतून भरत. पाथर्डीच्या शिबिरात वडिलांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डावाही धूसर होत चाललेला, त्यामुळे सगळी भिस्त उजव्यावर.

घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं होतं. डोळ्याला पाणी लावू नका, हिरवी पट्टी उचलू नका, हात धुतल्याशिवाय थेंब घालू नका. डोळा लाल झाला, ठणकला, तर त्याच दिवशी घेऊन या. धाकटे काका प्रत्येक वाक्याला मान हलवत होते. काका सातवी पास, म्हणजे गावातले धन्वंतरीच. असल्या सूचना अडाण्यांसाठी असतात, हे त्यांचं ठाम मत. त्यांची अक्कल मला ठाऊक होती, तरी वडिलांना त्यांच्यावर सोपवून मी नोकरीवर परतलो.

मग गाव भेटीला लोटलं. येईल त्यानं पट्टी वर करून "किती बोटं?" विचारलं. तंबाखू मळलेली बोटं, शेण काढलेली बोटं, सगळी मोजून झाली. डोळ्याला खाज सुटली तेव्हा काकांनी मध घातला, आणि वर तो शुद्ध होता म्हणून मला नंतर सुनावलं.

आठवड्याच्या आतच त्यांचं कार्ड आलं. 'दादांचा डोळा आला. काळजी नसावी. सवडीने येणे.' मी ते शिक्षकांच्या खोलीत मोठ्यानं वाचलं आणि पेढे वाटले. डोळा आला म्हणजे नजर आली, दुसरं काय? एकाही शहाण्याला शंका आली नाही. पेढे मात्र सगळ्यांनी दोन-दोन घेतले. काकांनी सवडीनं म्हटलं होतं, म्हणून मीही रविवारपर्यंत थांबलो.

गेलो तर वडील भिंतीकडे तोंड करून बसलेले. पापणी टम्म सुजलेली, कडेनं पू, उजेड सोसत नव्हता. काका निवांत होते.

"साथ हाय. गावात समद्यांचंच डोळं आल्यात. जाईल चार दिसांत."

त्यांनी कार्डात तेच लिहिलं होतं. पोराटोरांचे डोळे येतात तसा दादांचा आला. ऑपरेशनचा डोळा त्यांना साथीचा वाटला आणि मराठीच्या मास्तरला साधं मराठी कळलं नाही.

मी आलो त्याच एस.टी.च्या परतीच्या फेरीनं वडिलांना नगरला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, जखमेतून जंतू आत गेलेत, लाल दिसला त्याच दिवशी आणायला हवं होतं. औषधांनी ठणका थांबला. नजर गेली ती गेलीच.

पुढे डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू पिकला. ऑपरेशन करू म्हणून मी वर्षभर वडिलांच्या मागे लागलो. त्यांनी एकदाच उत्तर दिलं.

"एक डोळा तुमी दोघा शिकलेल्यांनी घालवला. ह्यो माझा मला ऱ्हाऊ द्या."

पुढे मी ऑपरेशनचं नाव काढलं नाही, आणि त्या डोळ्यालाही उजेड-अंधारापलीकडे काही दिसेनासं झालं. माझी मुलगी झाली तेव्हा त्यांनी तिला मांडीवर घेतलं आणि तिचं नाक, कपाळ, हनुवटी बोटांनी चाचपून पाहिली. मग ती कुणासारखी दिसते, ते मला विचारलं.