दोघांपुरता सोफा
लोकांची घरं सजवून देणं हा सूनबाईंचा व्यवसाय. स्वतःच्या हॉलमध्ये त्यांनी खिडकीशी दोघांपुरता सोफा मांडला. "पूर्वी युरोपात हा एकट्या बाईच्या घेरदार झग्यासाठी रुंद करत," त्या कौतुकाने सांगायच्या, "जोडपी त्यावर नंतर बसू लागली." या सोफ्याला जागा करायला सासऱ्यांची वेताची खुर्ची माळ्यावर गेली. तेव्हापासून सासरे स्वयंपाकघरात उभ्यानेच चहा घेत.

"बाबा, हॉलमध्ये बसा की!"

"अगं, जागा दोघांची. मी तिसरा कुठे शिरू?" ते हसत म्हणाले.

सूनबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी स्वतः खुर्ची उतरवली, पुसली, सोफ्याशेजारी ठेवली. बाबा बसले, पण पाहुण्यासारखे अगदी कडेला. 'नीट टेकून बसा' म्हणायला सूनबाईंना तोंड कुठे उरलं होतं?