ओवाळणीतली बोटुकली

ओवाळणी भावासमोर उघडून बघायची नसते. ताटात पाकीट पडलं की ते तसंच कुंकवाच्या करंड्याशेजारी राहू द्यायचं, भाऊ जेवून आपल्या गावाला गेला की मग बघायचं. आईनं हे मला कधी सांगितलं नाही. ती मामाचं पाकीट न उघडता कपाळाला लावायची, ते बघूनच मी शिकले. तीस वर्षं मीही तेच केलं, आणि त्या रीतीनंच माझा घात केला. रीतीनं कशाला, भावानं केला. उगाच रीतीच्या डोक्यावर कशाला फोडू?

माझं माहेर उजनीच्या पाण्याकाठचं. सासर कुर्डुवाडीपासून थोडं आत, डाळिंबाच्या पट्ट्यात. आमच्या रानात शेततळं आहे. चारी बाजूंनी मातीचा भराव, आत काळा प्लास्टिकचा कागद, आणि ते पाणी ठिबकनं बागेला. त्यात मासे सोडायचं माझ्या डोक्यात बरेच दिवस घोळत होतं. आमच्या घरात बाग सासऱ्यांची, म्हशी सासूबाईंच्या, ट्रॅक्टर मालकांचा. माझं म्हणून दाखवायला एक शिलाई मशीन, तीही बिघडलेली. पाणी सगळ्यांचं होतं, पण पाण्यातलं कुणाचंच नव्हतं. म्हटलं, ते तरी माझं होऊ दे.

सासऱ्यांना आम्ही मामा म्हणतो. मामा माळकरी. मासा खात नाहीत, खाणाऱ्याला नावंही ठेवत नाहीत. त्यांची भीती वेगळीच होती. "माशाची घाण ठिबकात बसली म्हंजी बाग गेली," म्हणाले. चार दिवस मी त्यांच्या मागं लागले. पाइपाच्या तोंडाला जाळी बसवते म्हटलं, पेंड मोजकी घालते म्हटलं. शेवटी ते म्हणाले, "एक वरीस देतो. पर उपयोग झाला न्हाय, तर परत तळ्याचं नाव काडायचं न्हाय. आन माशाचं बी कोन आननार?"

"माझा भाऊ आणणार," मी म्हणाले. "धरणाकाठचा आहे तो. त्याच्या शब्दावर चला."

असा मी सगळा डाव त्याच्यावर लावला.

भाऊ माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान. आई ऊसतोडीला गेली की मीच त्याला कडेवर घेऊन पाण्याच्या कडेनं फिरायची. फोन केला तर एका शब्दात तयार. "आक्का, ह्या राखीला ओवाळनी म्हनून बीच आनतो. सरकारी मत्स्यबीज केंद्रातलं, रोहू आन कटला. बोटुकली आनतो, बारकं बी जगत न्हाय." बोटुकली म्हणजे बोटाएवढी झालेली माशाची पिल्लं. मी हरखून गेले. कुणाच्या बहिणीला साडी येते, कुणाला पाकीट, मला तळंभर ओवाळणी.

राखीला सकाळीच त्याची पिकअप आली. पाठीमागं ओल्या पोत्यांखाली हवा भरून फुगवलेल्या, तोंडं आवळलेल्या पिशव्या. त्यातल्या चार त्यानं उतरवल्या. बाकीच्या पोत्याखालीच राहिल्या. "त्या?" मी विचारलं. "त्या म्होरं एकाला द्यायच्यात," म्हणाला. मी राखी बांधली, ओवाळलं, आणि चारही पिशव्या ताटासमोर ओळीनं मांडून त्यांना हळदीकुंकू लावलं. सासूबाई हसल्या. "श्रावनात मासं घरात, आन त्यास्नी कुकू," म्हणाल्या. तरी त्यांनीही दोन अक्षता टाकल्या.

पिशव्या तळ्यात नुसत्या तरंगत ठेवायच्या असतात, आतलं पाणी बाहेरच्याइतकंच गार-गरम होईपर्यंत. मग तोंड सोडायचं आणि पिल्लांना आपणहून जाऊ द्यायचं. आणि सोडण्याआधी दोन-चार पिल्लं पांढऱ्या थाळीत घेऊन बघायची. ते मला कुणी शिकवायला नको होतं. धरणाकाठची पोर मी, फुकटची चिलापी आणि विकतचा रोहू ओळखायला मला कुणी लागत नाही. चिलापीच्या अंगावर उभे पट्टे आणि पाठीवर काटे. रोहूचं पिल्लू गुळगुळीत. थाळी मी बरोबर नेलीही होती. पण ती ओवाळणी होती, आणि भाऊ शेजारी उभा होता. त्याच्यादेखत त्याची ओवाळणी थाळीत ओतून तपासायची म्हणजे त्याच्या तोंडावर अविश्वास दाखवायचा. थाळी मी भरावावरच ठेवली. पिशवीतलं पाणी गढूळ होतं तेही दिसलं मला. म्हटलं, वाटेत हिसके बसले असतील. पिशव्यांची तोंडं तिरकी केली आणि पिल्लं काळ्या पाण्यात गेली. भाऊ घाईनं जेवला आणि निघाला.

पुढचे दोन-अडीच महिने मी कुणाची नव्हते. पहाटे उठून भुईमुगाची पेंड भिजवायची, कोंडा मिसळायचा, गोळे करून टाकायचे. बगळे बसू नयेत म्हणून तळ्यावर आडव्या दोऱ्या ताणल्या. मालक चेष्टा करायचे, "मला चा देताना येवढी ध्यानात ऱ्हात न्हाईस." मामा रोज ठिबकची चाळणी उघडून बघायचे आणि काही न बोलता परत लावायचे. ते न बोलणं मला शाबासकीसारखं वाटायचं.

दिवाळीच्या आधी एका सकाळी कडेच्या उथळ पाण्यात बारीक पिल्लांचा ढग दिसला. रोहू असा तळ्याच्या साचलेल्या पाण्यात वीत नाही, त्याला वाहतं पाणी लागतं. मी खाली बसले. माझी सावली पाण्यावर पडली तशी हातभर अंतरावर एक मासळी आली, तिनं तोंड उघडलं आणि सगळी पिल्लं तिच्या तोंडात शिरली. चिलापी. उभे पट्टे, पाठीवर काटे, सगळं जागच्या जागी. लहानपणी भावाला कडेवर घेऊन मी त्याला हेच दाखवायची, बघ, आई पोरं तोंडात लपवते. त्याला ते फार आवडायचं.

उजनीच्या फुगवट्यात चिलापी कुणीही टोपलीनं उपसून घेतं. तळ्यात ती विऊन विऊन गर्दी करते, पेंड सगळी खाते आणि वाढत कुणीच नाही. भावाला फोन केला. तो म्हणाला, "केंद्रातच बी मिसळलं आसंल, आक्का. मला तरी काय म्हाईत?" आणि मी विश्वास ठेवला. नुसता ठेवला नाही, घरी त्याच्यावर पांघरूणही घातलं. मामांना सांगितलं, माझंच चुकलं, तळं भरताना ओढ्याचं पाणी घेतलं, त्यातनं चिलापी आली असेल. सासूबाई म्हणाल्या, "घरचं झालं थोडं, आन व्याह्यानं धाडलं घोडं." मी खाली मान घालून भाकरी थापत राहिले. मामा म्हणाले, "वरीस व्हायचंय अजून. बघू." त्यांचं ते चांगुलपणाचं बोलणं मला टोमण्यापेक्षा जास्त लागलं.

उन्हाळ्यात भावजयीच्या माहेरी जावळ होतं, नातेपुत्याजवळ. मीही गेले. जेवणाआधी भावजयीचा भाऊ म्हणाला, चला, आमचं तळं दाखवतो, आजच जाळं लावलंय. सरळ स्वभावाचा माणूस, त्याच्या मनात काही नव्हतं. चौघांनी जाळं कडेला ओढलं आणि त्यात रोहू उसळले. चांगले हातभर, लालसर परांचे, गुळगुळीत. मी तर बघतच राहिले. "बी कुठलं हो?" मी विचारलं.

"तुमच्याच भावानं आनलं की," तो कौतुकानं म्हणाला. "राखीच्या दिशी. सकाळी आदी तुमच्याकडं ईऊन मग दुपारचं हितं आलं. केंद्राचं बी, एक नंबर निगालं."

ओल्या पोत्याखालच्या पिशव्या माझ्या डोळ्यासमोर आल्या. एकाच गाडीतलं बी. खरं सासुरवाडीला, आणि बहिणीला धरणातनं उपसलेला गाळ. तळपायाची आग मस्तकात गेली. भाऊ जाळ्याच्या पलीकडं उभा होता आणि मोबाइलमध्ये बघत होता. परक्यानं फसवलं असतं तर मी तिथंच चार शिव्या हासडल्या असत्या. त्या माणसाच्या दारात, त्याच्या पोराच्या जावळाच्या दिवशी, मला गप्प बसावं लागलं. त्यांनी पानात रोहूचा तुकडा वाढला. तो मी खाल्ला. गोड होता, हे पण सांगते.

निघताना रस्त्यावर भावाला गाठलं. "का रं?" एवढंच विचारलं.

पहिल्यांदा त्यानं उडवून लावायचा प्रयत्न केला. मग म्हणाला, "केंद्रात बी कमीच मिळालं, आक्का. सासुरवाडीला शब्द दिला हुता. तितं मान जातो. तू काय, घरची. समजून घेशील म्हनलं."

"मग तसं सांगायचं होतंस. मी पुढच्या वर्षापर्यंत थांबले असते. चिलापी कशाला आणलीस?"

"मोकळ्या हातानं कसं यायचं राखीला?" तो म्हणाला. आणि मग, अगदी सहज, "तू कुटं उघडून बघतीस?"

केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. बी खोटं होतं याचं दुःख मला एवढं झालं नाही. मी बघणार नाही हे त्याला पक्कं माहीत होतं, आणि त्यावर त्यानं हिशोब बसवला, याचं झालं. माझा सगळ्यात चांगला गुण त्यानं माझ्यावरच वापरला. त्याच्यासाठी मामांसमोर खोटं बोलले ते आठवून मला माझीच लाज वाटली. घरी येऊन मी मामांना खरं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पानी उपसू, कागद वाळवू, सगळी चिलापी काडू. वरीस परत पयल्यापासनं मोजायचं." माळकरी माणसानं, मासा न शिवणाऱ्यानं, मला दुसरं वर्ष दिलं. पाठच्या भावानं पहिलंही खरं दिलं नव्हतं.

यंदा राखीला भाऊ आला. येईल असं वाटलं नव्हतं. चार पिशव्या घेऊन आला, त्या आपल्या हातानं ताटासमोर मांडल्या आणि पाटावर बसून मनगट पुढं केलं. मी राखी उचलली नाही. आत गेले आणि स्टीलची मोठी परात आणली.

सासूबाई म्हणाल्या, "आगं, राखी तर बांद आदी."

"थांबा आत्या," मी म्हणाले, आणि पहिल्या पिशवीचं तोंड सोडून ओंजळभर पाणी पिल्लांसकट परातीत ओतलं. मग दुसरीतलं. मग उरलेल्या दोन्हीतलं. चारही बघितल्या. एकेक पिल्लू बोटावर घेऊन पाठीवरून नख फिरवून बघितलं. भाऊ मनगट पुढं करून तसाच बसून होता.

पाणी नितळ होतं. पिल्लं रोहूची होती, सगळी, गुळगुळीत, एकाच्याही पाठीला काटा नाही.

त्याचे डोळे भरले होते. "खरं हाय का, आक्का?" त्यानं विचारलं. त्याला विचारावं लागलं, आणि मला बघून सांगावं लागलं.

"व्हय," मी म्हणाले. "खरं हाय."

मग मी हात पुसले आणि राखी बांधली. पिल्लं संध्याकाळपर्यंत तळ्यात गेली, आता चांगली वाढतायत. पण ती ओवाळणी नव्हे. ते तपासून घेतलेलं बी आहे. ओवाळणी मला आता कुणाकडून मिळायची नाही, कारण न बघता घेणारी बहीणच राहिली नाही.