माळावरचा दुभाषा

आठवीच्या इतिहासात स्पेनच्या लोकांनी महासागरापलीकडची बेटं कशी घेतली त्याला जेमतेम अर्धं पान होतं. अर्धं पान! दर्यावर्दी निघाला, भलतीकडेच पोचला, नव्या जगाचा शोध लागला, खालील प्रश्न सोडवा. माझा स्वभाव मुळात तिरसट, त्यात माळेगावजवळच्या त्या शाळेत मी नवीनच लागलेलो. म्हटलं, शोध कसला डोंबलाचा? तिथं माणसं राहत होती की! बारामतीच्या वाचनालयातून एक जाडजूड पुस्तक आणलं आणि पुढचे चार तास त्या बेटांवरच घातले. मुख्याध्यापकांनी विचारलं, अभ्यासक्रम कधी संपवणार? मी म्हटलं, संपेल.

वर्गातली मुलं बहुतेक उसवाल्यांची. त्यांना सांगितलं की ऊससुद्धा त्या बेटांवरचा नव्हे, तो या पाहुण्यांनीच जहाजातून नेला. बेटावरची माणसं कंद किसून, पिळून त्याची भाकरी करायची, कापूस कातायची, झोळीत निजायची. जहाजं दिसली तशी ती पोहत गेली, पोपट आणि सुताची गुंडी घेऊन. दारात पाहुणा आला तर माणूस दुसरं काय करणार? पाहुण्यांनी आधी विचारलं, सोनं कुठंय. मग गढी बांधली. मग डुकरं आणि गुरं मोकळी सोडली, ती यांच्या कंदांच्या वाफ्यांत शिरली. मग माणसंच वाटून घेतली, हा पाडा तुझा, तो माझा, राबव खाणीत. त्यात देवीची साथ आली आणि घरंच्या घरं ओस पडली. पुढं उसाला हात पुरेनात, तेव्हा आफ्रिकेतून माणसं धरून आणली.

मग मी त्या कागदाची गोष्ट सांगितली. पुढं पुढं स्पेनवाल्यांनी रीतच पाडली होती, की नव्या ठिकाणी उतरलं की एक कागद मोठ्यानं वाचायचा. ही भूमी आमच्या राजाची, मुकाट मान्य करा, नाही केलंत तर लढाई, आणि जे होईल त्याचा दोष तुमचाच. कागद त्यांच्या भाषेत. ऐकणाऱ्याला ओ की ठो कळायचं नाही. कधी तर रिकाम्या झोपड्यांसमोर, झाडांसमोर वाचून मोकळे व्हायचे. पोरं खो खो हसली. मीही हसलो.

तेवढ्यात कन्हेरीहून येणारी एक मुलगी उभी राहिली. "सर, त्यांच्यात एकालाबी ती भाषा येत नव्हती?"

"होता की एक," मी म्हणालो. "पहिल्याच खेपेला काही जणांना धरून स्पेनला नेलं होतं. त्यातला एक तरुण भाषा शिकला आणि दुभाषा होऊन परत आला."

"मग आपल्या माणसांना त्यानं सांगितलं न्हाय का, ह्यांच्या मनात काय हाय ते?"

"पुस्तकात दिलेलं नाही," असं म्हणून मी फळा पुसायला लागलो. पुसून झाला तरी पुसतच राहिलो.

पुस्तकात नव्हतं, पण मला माहीत होतं.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. आमची चार घरं इंदापूरकडच्या एका माळावर पिढ्यान् पिढ्या मेंढरं चारायची. मी बारामतीला कॉलेजात, सुट्टीला घरी आलेलो. चुलते कळप घेऊन लांब गेलेले, त्यामुळं मेंढरांच्या तळावर मी आणि आबा, म्हणजे माझे वडील, दोघंच. सकाळी जीप आली. दोन साहेब उतरले. आमच्यात रीत अशी, की तळावर आलेल्या माणसानं दूध घेतल्याशिवाय त्याच्याशी कामाचं बोलायचं नाही, तक्रारीचं तर मुळीच नाही. आबा लगेच लोटा घेऊन शेळीखाली बसले.

इकडं साहेबानं कागद काढला आणि वाचायला सुरुवात केली. सगळी कचेरीतली भाषा. मला मात्र शब्द न् शब्द कळत होता. माळ चराईतून काढला आहे, मोजणी होऊन प्लॉट पडतील, कुणाची हरकत असेल त्यानं इथंच, आत्ता सांगावी. वाचून झाल्यावर साहेब माझ्याकडं वळला. "तुम्ही शिकलेले दिसता. यांना जरा समजावून सांगा."

तुम्ही! तोवर मला तुम्ही असं कुणी म्हटलंच नव्हतं. त्यानं मला जीपला टेकून उभं राहायला जागा करून दिली, कॉलेज कुठलं, विषय कोणता ते विचारलं. आणि मला माझ्या कपड्यांना येणाऱ्या मेंढरांच्या वासाची लाज वाटली. खोटं कशाला सांगू, त्या घटकेला मला त्यांच्यातला एक व्हायचं होतं. "सांगतो," मी म्हणालो.

आबांनी बसल्या जागेवरून विचारलं, "काय म्हंत्यात रं सायेब?"

"काही नाही. मोजणी आहे नुसती."

"बरं. दूध घिऊ द्या आदी त्येंस्नी. मग इचारू बयाजवार."

साहेबानं उभ्या उभ्या दूध घेतलं, रुमालानं मिशा पुसल्या, कागदाच्या खाली हरकत नाही असं लिहिलं आणि जीप गेली. आबा रिकामा लोटा हातात घेऊन बघत राहिले. "आरं, बोलायचं ऱ्हायलंच की," म्हणाले.

पुढं खांब आले, तारा आल्या. मेंढरं बाजारात गेली. चुलत्यांनी आबांना जन्मभर दोषी धरलं. थोरले तात्या तर चारचौघांत म्हणायचे, "माळ जात हुता आन् ह्यो दूध पाजत बसला!" लग्नात, जत्रेत, कुठंही विषय निघायचा. आबांच्या ताटाशेजारी कुणी बसेना. आबा एका शब्दानं म्हणाले नाहीत, की मी पोराला विचारलं होतं. आणि मी? मी बी.एड. करत होतो.

त्या मुलीच्या प्रश्नानंतरच्या शनिवारी मी एसटी धरली. घरी पोचलो तर आबा ओट्यावर दोरी वळत बसलेले. बांधायला जनावर नव्हतं, तरी वळत होते. मी शेजारी बसून सगळं सांगून टाकलं. मला रडू येत होतं.

"ठावं हाय मला," आबा म्हणाले.

"कधीपासून?"

"त्याच दिशी. मोजणी हाय म्हनलास तवा तू माज्याकडं बगितलंच न्हाईस."

"मग तात्यांना का नाही सांगितलंत? इतकी वर्षं बोलणी खाल्लीत!"

"काय सांगू? माज्या पोरानं घात केला म्हनू?" त्यांनी दोरीला पीळ दिला. "तुला त्येंच्यात ऱ्हायाचं हाय अजून. माजं काय, मेंढरं बी न्हाईत आता."

मी म्हणालो, भावकी जमली की मीच सांगतो सगळ्यांना. ते म्हणाले, "बग तुला जमंल तसं." जत्रा आली, गेली. दोन लग्नं झाली. दर वेळी वाटायचं, आज नको, चांगल्या कार्यात कशाला. कसलं चांगलं कार्य, माझं तोंडच उघडत नव्हतं. अशी दोन वर्षं गेली आणि एका उन्हाळ्यात आबा गेले.

दहाव्याला सगळी भावकी जमली. कावळा शिवेना. तात्या म्हणाले, "माळाचं मनात घिऊन गेला बगा. चूक झाली हुती त्याच्याकडनं, पर मानूस गुणी."

मी उठलो. कागद मला कळला होता, आबांनी मला विचारलं होतं, मी खोटं सांगितलं, दोष त्यांचा नव्हता, माझा होता, असं सगळं एका दमात बोललो. काही गाळलं नाही. कुणी मारलं असतं तरी चाललं असतं.

मग बायकांत एकीनं डोळ्याला पदर लावला. तात्या पुढं आले आणि मला पोटाशी धरलं. "बगा रं," सगळ्यांकडं वळून म्हणाले, "मेल्या बापाची चूक सोताच्या अंगावर घ्यायला लागलंय. ल्योक असावा तर असा!"

"तात्या, खरंच सांगतोय मी!"

"व्हय व्हय, कळतंय आमास्नी. गप आता, रडू नगं."

दुखवट्याचा फेटा बांधायला मामा पुढं झाले. माणसं माना डोलवत होती, एकमेकांना माझं कौतुक सांगत होती. चूक होती तशीच आबांच्या नावावर राहिली. मी मान खाली घातली आणि फेटा बांधून घेतला.