दाराजवळचं बाक

"मॅडम, डाऊट हाय," असं म्हणत जी पोरं माझ्याकडे यायची, त्यांच्यातल्या बहुतेकांना शंका अशी नसायचीच. भूकंपानंतरची ती वर्षं. लातुरात गल्लोगल्ली क्लास निघत होते आणि मी नांदेडहून येऊन त्यातल्याच एकात जीवशास्त्र शिकवत होते. दुपारचं लेक्चर संपलं की शंकांचा तास. मी टेबलाशी बसायचे, पोरं रांग लावायची. "मॅडम, याचं उत्तर ऑप्शन 'बी' कसं काय आलं?" यापुढे कुणाची गाडी जायची नाही. बारावीच्या मार्कांवर मेडिकलला नंबर लागायचा, तेव्हा पेशीच्या आत काय चालतं याच्याशी कुणाला देणंघेणं नव्हतं. मायटोकॉन्ड्रियाची आकृती डोळे मिटून काढणाऱ्या एका हुशार मुलाला मी विचारलं, "हे तुझ्या अंगात असतं का रे?" त्याने पुस्तक चाळून बघितलं आणि म्हणाला, "सिलॅबसमधी न्हाई ते."

मी मुळात तापट. घरी दखनी, वर्गात इंग्रजी आणि डोकं फिरलं की मराठी, अशी माझी वाटणी होती. त्या तासाला मराठीच जास्त व्हायची.

एक मुलगी मात्र या रांगेत कधी आली नाही. क्लास दुसऱ्या मजल्यावर होता. ती खाली अंगणात, लिंबाखाली माझी लुना उभी असायची तिथे थांबायची. औशाच्या पलीकडच्या गावची. आई आणि दोन्ही भाऊ भूकंपात गेले होते. वडील वाचले, पण कमरेवर भिंत पडलेली, ते पत्र्याच्या शेडमध्ये अंथरुणाला खिळून होते. आत्या त्यांचं करत होती, तेही हिची बारावी होईपर्यंतच. मेडिकलला लागली तर वडिलांचं काही बघता येईल, नाही लागली तर हिनेच शेडमध्ये जाऊन त्यांचं करायचं, असं घरात ठरलेलं होतं. लातुरात ती मामाकडे राहायची. मामा पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचा.

पहिल्यांदा तिने विचारलं तेव्हा मी लुना स्टँडवरून काढत होते.

"मॅडम, पेशी विभागताना केंद्रकाचं आवरण विरघळून जातंय. मग तेवढा येळ पेशीला कोण सांभाळतंय?"

मी लुना परत स्टँडवर लावली. इतक्या वर्षांत असं कुणी विचारलं नव्हतं, आणि मला उत्तरही येत नव्हतं. रविवारी नांदेडला गेले की अम्मीच्या हातचं खाऊन झोपायचं, हा माझा शिरस्ता. त्या रविवारी मी माझ्या जुन्या कॉलेजच्या प्राध्यापकांच्या घरी जाऊन बसले आणि त्यांची पुस्तकं उपसली. सोमवारी तिला सांगितलं, त्या वेळात केंद्रकाकडून नवा हुकूम जवळजवळ निघतच नाही, आधी करून ठेवलेल्या प्रथिनांवर पेशी निभावून नेते.

ती म्हणाली, "म्हंजे घरात हाय त्याच्यावर भागवायचं."

"हाव," मी म्हटलं. मला फार आनंद झाला होता, तो लपवताही येईना.

पुढे ती रोजच विचारू लागली. गुणसूत्रांच्या जोड्या एकमेकींना ओळखतात कशा, मेलेली पेशी जाते कुठे. मीही अभ्यास करूनच क्लासला जायला लागले. म्हणून तिचा चाचणीचा पेपर हातात आला तेव्हा माझा विश्वास बसेना. काठावर पास. मागचे पेपर काढून पाहिले, तेही तसेच. मला न येणारं विचारणारी पोरगी पेशीपटलाचं काम चुकवत होती. कागद उजेडात धरला तेव्हा दिसलं, आधी बरोबर पर्याय लिहून तो खोडरबराने पुसला होता आणि वर मुद्दाम चुकीचा लिहिला होता.

दुसऱ्या दिवशी लिंबाखाली मी तिच्यावर भडकलेच. "आत्याला काय सांगशील? बापाला काय सांगशील? माझी थट्टा चालवली आहेस का?"

 ती म्हणाली, "मॅडम, पहिला नंबर आला की पुढच्या बाकावर जावं लागतंय."

आमच्या क्लासची ती पद्धत होती. दर चाचणीनंतर नंबराप्रमाणे बाकं बदलायची. हुशार पोरं फळ्याजवळ, ढ पोरं मागे. हॉलला दार एकच, तेही मागच्या बाजूला, जिन्याकडे उघडणारं. शेवटचं बाक दाराला लागून होतं.

"तितून मला पळता येतंय," ती म्हणाली. "पुढं बसलं की डोक्यावर स्लॅब हाय एवढंच ध्यानात ऱ्हातंय. शिकवलेलं कायबी ऐकू येत न्हाई. म्हून मी नंबर येऊ देत न्हाई."

माझा राग कुठल्या कुठे गेला आणि त्या जागी दुसराच आला. मी तशीच जिना चढून क्लास चालवणाऱ्या सरांकडे गेले. सर म्हणाले, "एकीसाठी नियम मोडला तर उद्या सगळे पालक येऊन बसतील." मी म्हटलं, "मग जीवशास्त्र तुम्हीच शिकवा." त्यांचा विषय गणित. चाचणी तोंडावर होती. त्यांनी कपाळाला हात लावला आणि कबूल झाले.

त्या चाचणीत ती पहिली आली. यादीत सगळ्यात वर नाव आणि बसायला सगळ्यात मागे. पोरं वळून वळून बघायची. शेवटच्या बाकावरची मंडळी तर आपलीच बढती झाल्यासारखी ऐटीत बसू लागली. माझ्या तिथल्या सगळ्या नोकरीत बरे असे दिवस तेवढेच.

बोर्डाच्या परीक्षेला तिचा नंबर एका कॉलेजात वरच्या मजल्यावर आला. भिंतीकडच्या रांगेत, दारापासून लांब. मामा आणि मी केंद्रप्रमुखांकडे गेलो. ते वाईट नव्हते. त्यांनी आम्हाला बसवून चहा दिला आणि म्हणाले, "बाई, बैठक क्रमांक बाकाला चिकटवलेला असतो. मी तो हलवला तर माझीच चौकशी लागेल." मामा हात जोडून उभा राहिला. त्यांनीही त्याच्यासमोर हात जोडले.

फिजिक्स, केमिस्ट्री तिने कसे लिहिले कोण जाणे, पण लिहिले. बाहेर यायची तेव्हा पंजाबी ड्रेस घामाने अंगाला चिकटलेला असायचा. जीवशास्त्राच्या दिवशी मी गेटपाशी उभी होते. पहिला भाग लिहून झाला होता. दुसऱ्या भागाची उत्तरपत्रिका वाटताना गच्चीवर कुणीतरी लोखंडी बाक ओढलं. स्लॅब घुमला. मला गेटपर्यंत ऐकू आलं, आणि पाठोपाठ ती जिन्यावरून धावत खाली येताना दिसली. अनवाणी. हातात प्रश्नपत्रिका तशीच.

मैदानाच्या मधोमध, उन्हात, ती उभी राहिली. पर्यवेक्षिका मागोमाग आल्या, समजावलं, पाणी दिलं. केंद्रप्रमुख स्वतः आले. म्हणाले, "बाळ, चल, अजून वेळ आहे." ती मान हलवून हो हो म्हणायची, पण पाय उचलायची नाही. मी गेटच्या बाहेरून ओरडून तिला हाक मारली. शिपायाने मला मागे सारलं. वेळ संपल्याची घंटा होईपर्यंत ती तिथेच होती.

अर्ध्या पेपरावर मेडिकल मिळत नाही. हे सांगायला निकालाची गरज नव्हती, आणि आत्याने निकालापर्यंत थांबायचं कबूलही केलं नव्हतं.

गावी जायच्या दिवशी ती क्लासवर आली. मामा तिची पेटी आणि गादी घेऊन रस्त्याकडेला रिक्षा बघत होता. तिने अंगणात मला ती प्रश्नपत्रिका दाखवली.

"मॅडम, ह्या ऱ्हायलेल्या भागातलं मी सांगते, तुम्ही बगा."

मी तिच्याजवळ खाली बसले. ती एकेक प्रश्न वाचून उत्तर देत गेली. आकृत्या बोटाने मातीत काढल्या, नावं दिली. मी मध्ये कुठे टोकलं नाही, टोकायला जागाच नव्हती. वरच्या हॉलमधून पोरं खिडकीशी येऊन बघत होती. शेवटचं उत्तर झालं तेव्हा मामाने रिक्षातून हाक मारली.

"बरोबर हाय ना?" तिने विचारलं.

"सगळं," मी म्हटलं.

तिने हात झटकले आणि प्रश्नपत्रिका घडी करून माझ्याकडे दिली.

"मार्क किती पडले असते, तेवढं नका सांगू, मॅडम."